सावकार, ऋणको आणि तिऱ्हाईत

कर्जाच्या व्यवहारात पक्ष दोनच असतात: देणारा आणि घेणारा. खत लिहिले जाते ते या दोघांच्या नावाने. व्याजाचा दर, फेडीची मुदत, तारण, हे सारे ठरते ते या दोघांच्या संमतीने. आणि खतावर ज्याची साक्ष पडते तो मनुष्यही साक्षीपुरताच त्या व्यवहारात असतो. बाकीचे सारे जग त्या खताच्या दृष्टीने तिऱ्हाईत होय. ही व्यवस्था सामान्यतः वाजवी आहे, यात शंका नाही. शेजाऱ्याने कोणाकडून किती पैसे घ्यावे याची चौकशी आळीतील प्रत्येकाने करीत बसावे, असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही.

परंतु क्षणभर अशी कल्पना करा की, कर्ज घेणारा एक आहे, देणारा दुसरा आहे, आणि त्या पैशाने जी विहीर खणावयाची ती तिसऱ्याच मनुष्याच्या शेतात, त्याचे घर पाडून खणावयाची आहे. मग हा तिसरा मनुष्य तिऱ्हाईतच राहतो काय? त्याने सावकाराच्या ओसरीवर जाऊन 'हा पैसा देण्यापूर्वी माझेही थोडे ऐका' असे म्हटले, तर 'आमचा व्यवहार तुझ्याशी नाही' एवढेच सांगून सावकाराने त्यास वाटेस लावावे काय? आणि ऐकून घ्यावयाचे ठरलेच, तर ऐकून घेणे म्हणजे नेमके काय करणे? प्रश्न दिसावयास साधा आहे. तथापि गेली चाळीस वर्षे जगातील सर्वांत मोठ्या सावकारांस तो अस्वस्थ करीत आला आहे. आणि त्यास आजवर जे काही थोडेबहुत उत्तर मिळाले आहे, त्याच्या उगमाचा शोध घेऊ लागल्यास आपणांस आपल्याच सातपुड्यात, नर्मदेच्या काठी यावे लागते. म्हणून मराठी वाचकाने त्याचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

या सावकारांचा जन्म १९४४ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेतील ब्रेटन वुड्स या गावी झाला. महायुद्ध अद्याप संपले नव्हते. ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी तेथे जमले आणि त्यांनी दोन संस्था स्थापन करण्याचे ठरविले: आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जिला आज आपण जागतिक बँक म्हणतो ती. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. शिष्टमंडळाचा प्रमुख मात्र हिंदुस्थान सरकारचा इंग्रज अर्थसदस्य होता. युद्धकाळात इंग्लंडकडे आपली जी स्टर्लिंग शिल्लक साचली होती तिचा प्रश्न आपल्या प्रतिनिधींनी त्या परिषदेत मांडला. तो शांतपणे ऐकून घेण्यात आला आणि तितक्याच शांतपणे बाजूस ठेवण्यात आला. ऐकून घेण्याचा हाही एक प्रकार आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. कारण पुढे त्याच्याशी पुन्हा गाठ पडावयाची आहे.

या संस्थांची घटना अशी की, त्यांचे सभासद राष्ट्रे होत, माणसे नव्हेत. प्रत्येक राष्ट्राने बँकेशी व्यवहार करावयाचा तो आपले अर्थखाते, मध्यवर्ती बँक किंवा तत्सम यंत्रणा यांच्याच द्वारे. मते मोजावयाची ती मुख्यतः भागभांडवलाच्या प्रमाणात. कर्ज देताना केवळ आर्थिक बाबींचा विचार करावा, राजकारणात पडू नये, असाही दंडक घटनेतच घातलेला आहे. अमेरिकेच्या वाट्यास दोन्ही संस्थांत सुमारे एक षष्ठांश मते आहेत. आणि घटनेत बदल करावयाचा तर शेकडा ८५ मतांची संमती लागते, म्हणून त्या एका राष्ट्राने मान हलविल्यावाचून मूळ चौकट हलू शकत नाही. बँकेचा अध्यक्ष अमेरिकन आणि नाणेनिधीचा प्रमुख युरोपीय, हा कोठेही न लिहिलेला नियमही आजवर मोडलेला नाही. २०२३ साली बँकेचे अध्यक्ष झालेले अजय बंगा हे पुण्याजवळील खडकीचे जन्माने. परंतु त्या आसनावर ते बसले ते अमेरिकेचे नागरिक म्हणून. सारांश, हे घर बांधताना त्यास दोनच दारे ठेवलेली होती: एक भांडवल घालणाऱ्यासाठी, दुसरे कर्ज मागणाऱ्यासाठी. तिसऱ्या दाराची कोणास आवश्यकताच भासली नव्हती.

ती भासविली सरदार सरोवराने. नर्मदेच्या पाण्याचा तंटा लवादाने १९७९ साली मिटविला, आणि १९८५ साली जागतिक बँकेने या धरणासाठी व त्याच्या कालव्यांसाठी ४५ कोटी डॉलर देण्याचा करार केला. बुडिताच्या छायेत २४५ गावे येत होती: मध्य प्रदेशातील १९३, महाराष्ट्रातील ३३ आणि गुजरातेतील १९. महाराष्ट्रातील गावे अक्कलकुवा आणि अक्राणी या भागांतील, भिल्ल व पावरा लोकांची. आणि त्यांत पाणी प्रथम चढावयाचे ते मणिबेलीवर. करार झाला तेव्हा या लोकांस कोणी विचारले नव्हते. ज्या कागदांवर त्यांचे भवितव्य लिहिले गेले ते वॉशिंग्टनमधील कपाटांत, इंग्रजीत होते. ज्यांच्याविषयी ते लिहिले गेले त्यांच्या बोलीत त्यातील एक ओळही उतरली नव्हती.

पुढील हकीकत अनेकांस ठाऊक आहे. तिचा सांगाडाच तेवढा येथे देतो. १९८९ साली मेधा पाटकर यांनी अमेरिकेच्या काँग्रेसच्या एका उपसमितीपुढे साक्ष दिली. १९९० साली जपानने या प्रकल्पातील आपले अर्थसाहाय्य थांबविले. त्या वर्षाच्या अखेरीस संघर्षयात्रा गुजरातच्या सीमेवर फेरकुवा येथे अडविली गेली, तेथे दीर्घ उपोषण झाले. आणि १९९१ साली बँकेने, आपल्या इतिहासात प्रथमच, आपल्याच कर्जाची चौकशी करण्यास बाहेरचे मंडळ नेमले. ब्रॅडफर्ड मोर्स हे त्याचे अध्यक्ष आणि कॅनडातील विधिज्ञ टॉमस बर्जर हे उपाध्यक्ष. जून १९९२ मध्ये त्यांचा अहवाल बाहेर पडला. बँकेने मागे सरून सर्व प्रश्नांचा नव्याने विचार करावा, असा त्याचा निष्कर्ष होता.

या अहवालात नैतिक दृष्ट्या सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती असेल, तर ती ही की, न विचारल्यामुळे काय काय कळले नाही याची त्यात यादीच सापडते. बुडितक्षेत्रात किमान एक लाख माणसे राहतात. कालव्यांमुळे आणखी सुमारे १ लाख ४० हजार शेतकऱ्यांस झळ पोहोचेल. परंतु करार करताना या संख्यांचा धड अंदाज कोणापाशी नव्हता, आणि कालव्याखाली जमीन जाणाऱ्यांस तर विस्थापितांच्या व्याख्येतच जागा नव्हती. जंगलजमीन पिढ्यानपिढ्या कसणाऱ्या आदिवासीस सरकारी दप्तरात 'अतिक्रमण करणारा' म्हणत. म्हणून ज्याच्या ताब्यात शेत होते तो कागदावर भूमिहीन ठरत होता. वाशिंग्टनच्या किंवा दिल्लीच्या अधिकाऱ्यांचे हृदय दुष्ट होते, असे समजण्याचे कारण नाही. त्यांना ही गोष्ट ठाऊकच नव्हती, आणि ती ठाऊक असणारा मनुष्य व्यवहाराच्या बाहेर उभा होता.

ज्याचे जळते त्याला कळते, ही म्हण आपण बहुधा सहानुभूतीच्या संदर्भात वापरतो. परंतु तिच्यात ज्ञानाचा एक सिद्धांतही दडलेला आहे. झळ ज्यास लागते त्यासच आग कोठे आहे हे नेमके कळते. म्हणजे पीडिताचे बोलणे ऐकावे ते केवळ दयेने नव्हे. ते ऐकल्यावाचून सावकारास आपल्या पैशाचे काय होणार हेही समजत नाही. आपल्या इतिहासात याचा एक दाखला आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंग्यास तोंड लागले आणि तो आसपासच्या प्रदेशात पसरला. बहुतेक ठिकाणी रयतेचा रोख सावकाराच्या खतांवर होता. ती हस्तगत करावी आणि जाळावी, एवढाच तिचा हेतू दिसतो. त्यापूर्वी दिवाणी कोर्ट खत पाही आणि हुकूमनामा करी. खतामागे काय घडले हे विचारणे त्याचे काम नव्हते. खते जळाल्यानंतर सरकारने चौकशी केली, आणि १८७९ च्या कायद्याने कोर्टास खताच्या मागे जाऊन देण्याघेण्याचा आरंभापासूनचा इतिहास तपासण्याचे कर्तव्य लावून दिले. लिहिलेले खरे, एवढ्यावर न्याय भागत नाही, लिहिण्यापूर्वी काय झाले तेही पाहिले पाहिजे, ही जाणीव राज्यकर्त्यांस जाळपोळीनंतर झाली. मोर्स यांच्या मंडळाने केले ते तत्त्वतः हेच. फरक इतकाच की, नर्मदेच्या लोकांनी खत जाळले नाही, ते स्वतः पाण्यात उभे राहिले.

आता या साऱ्यावर जे आक्षेप घेतले जातात ते क्षुल्लक नाहीत, आणि त्यांना बगल देऊन चालणार नाही.

पहिला आक्षेप असा: लोकशाहीत लोकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार लोकांनी निवडलेल्या सरकारास आहे. या संस्था, संघटना, चळवळी, ज्यांस हल्ली एकत्रितपणे नागरी समाज म्हणतात, त्यांस कोणी निवडून दिले? आक्षेप सबळ आहे. वॉशिंग्टनच्या सभागृहापर्यंत पोहोचतो तो बहुधा इंग्रजी बोलणारा, प्रवासाचा खर्च करू शकणारा मनुष्य. ज्याचे शेत जाते तो त्याच्या पाठीमागे गावातच राहतो. शिवाय संघटनांत एकवाक्यता असतेच असे नाही. याच धरणाच्या प्रश्नात, गुजरात सरकारने १९८७ साली पुनर्वसनाचे उदार धोरण स्वीकारल्यावर, तेथील आर्च वाहिनी या संस्थेने धरणास विरोध करण्याचे सोडून पुनर्वसन नीट व्हावे यासाठी आपली शक्ती वेचली. आणि नर्मदा बचाव आंदोलन विरोधावर ठाम राहिले. दोघांचीही आदिवासींविषयीची कळकळ खरी होती. मग आदिवासींचा आवाज कोणता?

या आक्षेपाचे उत्तर, माझ्या मते, असे आहे. निवडून आलेले सरकार संपूर्ण समाजाचे प्रतिनिधी असते, आणि म्हणूनच ज्या व्यवहारात समाजाच्या एका भागाचा लाभ दुसऱ्या भागाच्या हानीतून निघावयाचा असतो तेथे त्याचे प्रतिनिधित्व अपुरे पडते. लाभ घेणाऱ्याने हानी सोसणाऱ्याच्या वतीने संमती द्यावी, ही गोष्ट कोणत्याही पंचायतीत ग्राह्य धरली जात नाही. तेव्हा निर्णय सरकारने करावा. परंतु हानी सोसणाऱ्याची साक्ष सरकारने त्याच्या वतीने देऊ नये. संघटनांस निवडणुकीचा अधिकार नाही, म्हणून त्यांना मतही नसावे, हे योग्यच. पण साक्षीदाराची निवडणूक होत नसते. त्याची साक्ष खरी की खोटी एवढेच पाहावयाचे असते. आणि दोन साक्षीदार परस्परविरुद्ध बोलले, तर ते साक्षीच न घेण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट अधिक साक्षी घेण्याचे ते कारण होय.

दुसरा आक्षेप याहून बोचणारा आहे. आदिवासीचे म्हणणे बँकेने ऐकले ते अमेरिकेच्या काँग्रेसने ऐकल्यावर. ज्याच्या हाती थैली, त्याच्या कानी गाऱ्हाणे गेले तेव्हाच ते गाऱ्हाणे ठरले. स्वतंत्र राष्ट्राच्या नागरिकाने आपल्या सरकारविरुद्ध परक्या राष्ट्राच्या विधिमंडळात दाद मागावी, आणि त्या राष्ट्राच्या वजनामुळे ती लागू पडावी, यात स्वातंत्र्याचा अपमान नाही काय? आहे, हे मान्य केले पाहिजे. दुर्बळाचा शब्द बलवानाने तोंडात घेतल्यावाचून त्यास वजन येऊ नये, ही स्थिती शोभादायक नव्हे. परंतु हा अपमान कोणी घडवून आणला, हेही विचारावयास हवे. घरच्या दारावर थाप मारून जो थकला तोच शेजाऱ्याच्या दारी जातो. आणि कर्ज परक्याकडून घेताना जे सार्वभौमत्व दुखावत नाही, ते त्या कर्जाविषयी परक्यापाशी बोलताच दुखावते, हा न्याय थोडा विचित्रच आहे.

तिसरा आक्षेप तहानेचा. कच्छ आणि सौराष्ट्र येथील रखरखाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना धरणाच्या विरोधकांचा राग येणे स्वाभाविक आहे. जिच्या डोक्यावरचा हंडा तीन कोस चालतो तिचेही त्या खतात नाव नव्हते, तीही तिऱ्हाईतच. हे अगदी खरे आहे, आणि म्हणूनच येथे प्रतिपादिलेले तत्त्व एका पक्षाच्या सोयीचे नाही. ज्यास परिणाम भोगावयाचा त्यास बोलण्याचा हक्क, असे एकदा म्हटले की, तो हक्क बुडणाऱ्यास मिळतो तसा तहानेलेल्यासही मिळतो. त्या दोघांस एकमेकांसमोर बसवून, हे पाणी तुमच्यापर्यंत कोणत्या किंमतीने येते आणि ती कोण देतो, हे त्या दोघांस सांगावयास हवे होते. ते कोणीच केले नाही. दोघांच्याही नावाने तिसरेच बोलत राहिले.

यानंतर जे घडले त्यात या प्रश्नाचे खरे दुःख आहे. ऑक्टोबर १९९२ मध्ये बँकेच्या संचालकमंडळात अमेरिका, जपान, जर्मनी इत्यादि राष्ट्रांचा विरोध असताही बहुमताने कर्ज चालू ठेवण्याचे ठरले. परंतु त्यास सहा महिन्यांची मुदत व काही अटी जोडल्या गेल्या. मुदत संपण्याच्या सुमारास, ३० मार्च १९९३ रोजी, भारत सरकारने उरलेले सुमारे १७ कोटी डॉलर आपण घेणार नाही असे जाहीर केले. चळवळीच्या दृष्टीने हा विजय होता. पण सावकार गेला तेव्हा त्याच्या अटीही व्यवहारतः निष्प्रभ झाल्या, त्याची तपासणी गेली, आणि ज्या दारावर जगाचे लक्ष होते ते दार बंद झाले. धरण थांबले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी बहुमताने त्यास वाट मोकळी करून दिली; न्यायमूर्ती भरुचा यांचा निर्णय तेवढा भिन्न होता. २०१७ साली धरणाचे लोकार्पण झाले आणि २०१९ च्या पावसाळ्यात ते प्रथमच काठोकाठ भरले. मणिबेलीची जुनी जमीन पाण्याखाली आहे.

आणि तरीही त्या बुडालेल्या गावामुळे जगात एक गोष्ट निर्माण झाली. सप्टेंबर १९९३ मध्ये बँकेच्या संचालकांनी तीन सदस्यांचे एक स्वतंत्र निरीक्षण मंडळ स्थापन करण्याचा ठराव केला. बँकेने आपलेच नियम मोडल्यामुळे आपली हानी होत आहे, असे प्रकल्पक्षेत्रातील कोणाही दोन वा अधिक माणसांनी कळविल्यास त्याची चौकशी करणे, हे या मंडळाचे काम. ज्या संस्थेशी बोलण्याचा अधिकार आजवर केवळ राष्ट्रांस होता, तिच्याशी आता दोन शेतकरी बोलू शकत होते. पहिला अर्ज १९९४ साली नेपाळातून, अरुण नदीवरील तिसऱ्या टप्प्याच्या धरणाविरुद्ध आला, आणि १९९५ साली बँकेने त्या प्रकल्पातून अंग काढून घेतले. त्याच १९९४ साली ४४ देशांतील ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांस कर्ज देणे बँकेने थांबवावे, असे जे जाहीरनामापत्र काढले त्यास त्यांनी नाव दिले मणिबेलीचे. ब्रेटन वुड्सला जमलेली राष्ट्रेही ४४ च होती. पहिल्या ४४ नी घर बांधले. दुसऱ्या ४४ देशांतील माणसे पन्नास वर्षांनी त्या घराच्या दारात येऊन उभी राहिली. सातपुड्यातील दऱ्यांत राहणाऱ्या माणसाने आपले शेत गमावले आणि हिमालयातील दऱ्यांत राहणाऱ्यांस दार मिळवून दिले. यास न्याय म्हणावे काय, हे ठरविणे मला कठीण वाटते. ज्याचे ऋण फेडावयाचे तो एक आणि ज्यास फेड मिळाली तो दुसराच, असा हा हिशेब आहे.

शिवाय या दाराच्या आत काय आहे, हेही पाहिले पाहिजे. निरीक्षण मंडळ चौकशी करते. हुकूम करू शकत नाही. अंतिम शब्द संचालकांचा, म्हणजे पुन्हा भांडवलाचा. १९९९ पासून बँक व नाणेनिधी यांनी गरीब राष्ट्रांस आपापल्या दारिद्र्यनिवारणाच्या योजना लोकांच्या सहभागाने तयार करण्यास सांगितले. सहभाग हीच कर्जमाफीची व सवलतीच्या कर्जाची एक अट झाली. सभा भरल्या, उपस्थितांच्या सह्या घेतल्या गेल्या, भोजनेही झाली असतील. परंतु तूट किती असावी, चलनवाढ कोठवर चालू द्यावी, हे जे मूळ आर्थिक आराखडे, ते बहुतेक ठिकाणी त्या सभांच्या विषयपत्रिकेबाहेरच राहिले. स्टर्लिंग शिलकेचा प्रश्न ज्या सौजन्याने ऐकला गेला, तेच सौजन्य येथे पुन्हा भेटते. आणि कच्छमधील मुंद्रा येथील कोळशाच्या वीजप्रकल्पास बँकेच्याच कुटुंबातील वित्तमहामंडळाने २००८ साली ४५ कोटी डॉलरचे कर्ज दिले, तेव्हा तेथील मच्छीमारांच्या तक्रारीवरून त्या संस्थेच्याच लोकपालाने २०१३ साली संस्थेचे दोष दाखविले. तरी दाद लागेना, म्हणून मच्छीमार अमेरिकेच्या न्यायालयात गेले. २०१९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, अशा संस्थांस खटल्यापासून सरसकट अभय नाही, असा सात विरुद्ध एक मतांनी निर्णय दिला. दार आणखी थोडे उघडले. परंतु पुढे खालच्या न्यायालयांत तो दावा टिकला नाही. दोष मान्य, हक्क मान्य, आणि हाती काही नाही, असा त्याचा शेवट झाला.

मग ऐकून घेणे म्हणजे काय? मराठेशाहीत गोतसभेपुढे वतनाचा तंटा येई तेव्हा वादी-प्रतिवादींच्या तकरिरी लिहून घेत, साक्षी घेत, आणि निवाडा झाला म्हणजे त्याचा महजर होई. कोण काय बोलले, कोण हजर होते, निर्णय काय झाला, हे सारे त्यात येई. ती व्यवस्था निर्दोष होती असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. जातीची व वतनाची उतरंड तिच्यातही होतीच. परंतु ऐकण्याची एक कसोटी तिच्यात सापडते. ज्याचे ऐकले त्याच्या बोलण्याची नोंद निर्णयात दिसली पाहिजे. त्याचे म्हणणे मान्य झाले नसेल, तर का झाले नाही हे त्याच्या भाषेत त्यास सांगितले पाहिजे. हे ऐकणे खत लिहिण्यापूर्वी झाले पाहिजे. घर पाण्यात गेल्यावर झालेली चौकशी इतिहासास उपयोगी पडते, घरास नाही. आणि ऐकण्यात कसूर झाली, तर तिचे मोल ऐकणाऱ्यास मोजावे लागले पाहिजे. एरवी कान आणि भिंत यांत भेद तो काय?

या कसोटीस उतरणारी वित्तसंस्था अद्याप जन्मास आलेली नाही. तोपर्यंत लोकांचा सहभाग हा शब्द ऐकताच हुरळून जाऊ नये, आणि तो ढोंग आहे म्हणून झिडकारूही नये. अपुरे दार हे अपुरेच असते. पण ते भिंतीत पाडण्यास काहींनी आपले सर्वस्व वेचले आहे. पुढल्या वेळी आपल्या राज्यातील एखाद्या कालव्यासाठी, रस्त्यासाठी किंवा नगरासाठी कोट्यवधी डॉलरचे कर्ज मंजूर झाल्याची वार्ता आपण वर्तमानपत्रात वाचू, तेव्हा रक्कम आणि व्याज यांवरून नजर फिरवून झाल्यावर आपण एवढे तरी विचारावे: या खतात ज्याचे नाव नाही, असा तिसरा मनुष्य कोण आहे, आणि त्यास कोणी विचारले आहे काय?